आपल्या वाडीचा इतिहास आपणच कसा लिहावा

गिरगावातील एखादी जुनी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली की आधी सामान जाते, मग माणसे जातात आणि सर्वांत शेवटी, कोणाच्या लक्षातही न येता, कागद जातात. आमच्या वाडीतील मंडळाच्या इतिवृत्ताच्या जाड वह्या अशाच एका दुपारी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढल्या. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. त्या वह्यांचा कोणाला काही उपयोग असेल असे कोणाच्या मनातच आले नव्हते. मला ते संध्याकाळी कळले, तोवर उशीर झाला होता. त्यानंतर मी वाडीविषयी जे मिळेल ते जमवू लागलो आणि चुकत चुकत या कामाची रीत शिकलो. ती रीत येथे सविस्तर मांडत आहे, कारण मुंबईत आज शेकडो वाड्या आणि चाळी रिकाम्या होण्याच्या वाटेवर आहेत आणि तेथील रहिवाशांपैकी एखाद्याने जरी वेळेवर वही उघडली, तरी पुष्कळ काही वाचू शकते.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या वस्तीचा इतिहास लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण सात बेटांपासून सुरुवात करतो, मग पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण गेल्याची कथा येते, मग १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीने ती वार्षिक १० पौंडांच्या खंडाने घेतल्याचे येते, आणि स्वतःच्या वाडीपर्यंत पोहोचेपर्यंत लिहिणाराही थकतो आणि वाचणाराही. हा भाग सर्वत्र छापलेला आहे आणि तो आपल्यावाचून अडलेला नाही. आपल्यावाचून अडलेले आहे ते वेगळेच: तुमच्या चाळीत पहिले बिऱ्हाड कोठून आले, नळ केव्हा आला, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या जागी आधी काय होते. तेव्हा एका इमारतीपासून किंवा एका गल्लीपासून सुरुवात करावी आणि शहराचा इतिहास तेथे जेव्हा जेव्हा दार ठोठावतो, तेवढ्यापुरताच आत घ्यावा.

हद्द कोठवर

पहिले काम हद्द ठरवण्याचे. ते वाटते तितके सोपे नाही, कारण मुंबईत एकाच वस्तीवर अनेक कार्यालयांच्या वेगवेगळ्या रेषा ओढलेल्या असतात. गिरगावचा पिन कोड ४००००४ आहे, परंतु महापालिकेच्या लेखी त्याचा काही भाग सी विभागात आणि काही डी विभागात मोडतो. पिढ्यान्‌पिढ्या गिरगावकर पाहुण्यांना ‘चर्नी रोडला उतरा’ असे सांगत आले आणि गिरगाव हेच नाव असलेले स्थानक भुयारी मेट्रोमुळे २०२५ साली प्रथम मिळाले. दादर हे नाव एकच, पण रुळांच्या पूर्वेला ४०००१४ आणि पश्चिमेला ४०००२८ असे त्याचे दोन पिन कोड आहेत, आणि दोन्हीकडच्या जुन्या रहिवाशांना विचारले तर वस्त्याही दोनच असल्याचे ते सांगतील.

या सरकारी रेषा नोंदवून ठेवाव्यात, कारण पुढे कागद शोधताना त्या लागतात. पण वस्तीची खरी हद्द काढण्यासाठी दहा-बारा घरांत एकच प्रश्न विचारावा: आपली वाडी कोठे संपते? उत्तरे नकाशावर मांडावीत. मला याहूनही उपयोगी पडलेली खूण म्हणजे गणेशोत्सवाची वर्गणी. मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन ज्या घरापर्यंत हक्काने जातात आणि ज्या घराच्या अलीकडे थांबतात, त्या दोहोंमधून जाणारी रेषा ही लोकांनी स्वतः आखलेली हद्द असते. ती कधी बदलली असेल, तर त्या वर्षी नक्की काहीतरी घडलेले असते. एखादे मंडळ फुटलेले असते किंवा एखादी नवी इमारत उभी राहिलेली असते.

नावे

त्यानंतर नावांकडे वळावे, पण फार सावधपणे. मुंबईतील स्थळनामे ही झाडांची, पाण्याची, धंद्यांची आणि जमीनधाऱ्याची मोठी नोंदवही आहे. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे गिरगाव हे एकेकाळी बागायतीचे गाव असल्याची साक्ष देतात. ‘वाडी’ या शब्दाचा मूळ अर्थच झाडांची वाडी, घरे त्यात नंतर आली. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक येथे आज थेंबभर उघडे पाणी नाही. विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने शहरात येईपर्यंत लोक तळ्यांवर आणि विहिरींवर अवलंबून होते. पुढे नळाचे पाणी पसरत गेले तशी तळी बुजली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांमुळे अनेक विहिरीही झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. आपल्या वाडीत विहीर होती का, ती कोठे होती आणि झाकणाखाली अजून आहे का, हा प्रश्न म्हणून अवश्य विचारावा. फोरस रोडचे नाव तर थेट महसुली दप्तरातून आले आहे: ओसाड किंवा पाणथळ जमीन लागवडीस आणणाऱ्यांकडून जो सारा घेतला जाई, तो ‘फोरस’.

मात्र नावाच्या गोष्टी जितक्या गोड, तितक्या निसरड्या असतात. चर्नी रोडचेच पाहा. एक गोष्ट अशी सांगितली जाते की, १८३८ साली सरकारने गुरचराईवर कर बसवला तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी २०,००० रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ गुरांसाठी जमीन घेतली आणि ‘चरणी’वरून रस्त्याला नाव पडले. दुसरी गोष्ट अशी की, ठाण्याजवळच्या चेंदणीहून आलेल्या लोकांच्या वस्तीवरून हे नाव आले. परळचे नाव कोणी पाडळीच्या झाडावरून सांगतात, तर कोणी परळी वैजनाथाच्या देवळावरून. अशा वेळी आपल्याला जी आवडते ती गोष्ट निवडू नये. दोन्ही लिहाव्यात आणि कोणती गोष्ट कोणाकडून ऐकली, हे त्यापुढे नोंदवावे. खोताची वाडी हे उदाहरण तर नावावरून रहिवासी ओळखू पाहणाऱ्याला चांगलाच धडा देते. वाडीला ज्यांच्यामुळे नाव मिळाले, ते दादोबा वामन खोत पाठारे प्रभू होते; परंतु त्यांच्याकडून भूखंड घेऊन तेथे लाकडी सज्जांची, बाहेरून जिने असलेली टुमदार घरे बांधणारी कुटुंबे प्रामुख्याने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसई परिसरातीलच मूळच्या ख्रिस्ती समाजातील, होती.

रस्त्यांच्या बाबतीत प्रत्येक नावाची तीन रूपे टिपावीत: जुने कागदोपत्री नाव, आजचे कागदोपत्री नाव आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव. लॅमिंग्टन रोड डॉ. भडकमकर मार्ग झाला, गिरगावचा सँडहर्स्ट रोड सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, डिलाईल रोड ना. म. जोशी मार्ग झाला. जुने नाव माहीत नसेल, तर जुन्या कागदावरचा पत्ता तुमच्याच गल्लीचा आहे हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. तोंडी नाव तर सर्वांत चिवट असते. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली, तरी दादर टीटी हे ट्राम टर्मिनसचे नाव आजही टॅक्सीवाल्याला सांगता येते.

कागद कोठे असतात

येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेकांचा उत्साह याच ठिकाणी मावळतो. कागद म्हटले की सरकारी दप्तर डोळ्यांपुढे येते. माझा अनुभव असा की, पहिला आणि सर्वांत बोलका कागद घरातच, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी सापडतो.

तो कागद म्हणजे भाडेपावती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख पायाभूत धरली होती. त्यामुळे मूळ भाड्याचा आकडा पुढची कित्येक दशके जवळजवळ तसाच राहिला आणि त्याखाली कर, उपकर व वाढीच्या नव्या ओळी जोडल्या गेल्या. एखाद्या घरातील पावत्या तारखेप्रमाणे मांडून पाहा. घरमालक केव्हा बदलला, भाडे वसूल करणारा मेहता कोणत्या भाषेत सही करी, भाडेकरूचे नाव वडिलांकडून मुलाकडे कोणत्या साली गेले, संडासदुरुस्तीचा खर्च कधी निघाला, हे सारे त्यांत असते. पोटभाडेकरूंची नावे मात्र त्यांत नसतात. ती बिऱ्हाडे शोधायची, तर १९७३ हे साल ध्यानात ठेवावे, कारण त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेत परवान्याने राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण मिळाले आणि तोवर कागदावर नसलेली अनेक कुटुंबे कागदावर आली.

इमारतीचे वय काढण्यासाठी म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची उपकरप्राप्त इमारतींची यादी फार उपयोगी आहे. आपण बोलताना ज्यांना सेस इमारती म्हणतो, त्यांची विभागणी बांधकामाच्या काळावरून केलेली आहे: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात मोडतात. नेमके साल यावरून मिळत नाही, पण ‘आमची चाळ दीडशे वर्षांची’ यासारख्या ऐकीव विधानांना त्यामुळे निदान एक खुंटी मिळते.

जमिनीचा कागद म्हणजे मालमत्ता पत्रक. त्यासाठी भूमापनात त्या भूखंडाला मिळालेला क्रमांक, म्हणजे बेटावरील शहरात सी. एस. नंबर आणि उपनगरात सी. टी. एस. नंबर, हाताशी असावा लागतो. तो पुनर्विकासाच्या कोणत्याही नोटिशीवर सापडतो. पत्रकावर क्षेत्र, धारकांची नावे, फेरफार आणि सत्ता प्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते, असते. फझंदारी, फोरस यांसारखे शब्द तेथे दिसले की घाबरू नये, उलट आनंद मानावा, कारण त्या एका शब्दावरून ही जमीन मुळात कोणत्या अटीवर दिली गेली होती, याचा माग लागतो. उपनगरातील वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: वांद्र्यापलीकडची साष्टी १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती, त्यामुळे पार्ले, अंधेरी, मालाड यांचे त्यापूर्वीचे दप्तर मुंबईच्या नावाखाली शोधले तर सापडत नाही.

जुन्या नकाशांत १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीचे नकाशे अप्रतिम आहेत. त्यांत घरे, विहिरी आणि गल्लीबोळ इतक्या बारकाईने दाखवले आहेत की, आजच्या नकाशाशेजारी ते ठेवले असता आपली वाडी तेव्हा नारळीची बाग होती की घरांची दाटी होती, हे एका दृष्टिक्षेपात कळते. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्याच्या पुराभिलेखागारात आणि टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीत अशा साहित्यासाठी चौकशी करावी. तेथे जाण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून न्यावा. ‘गिरगावविषयी काय आहे?’ असे विचारले तर कर्मचारीही हतबल होतात. ‘फणसवाडीत सुधार न्यासाने १९०० ते १९१० या काळात जमीन संपादित केली होती का?’ असे विचारले तर ते दप्तराचे नाव सांगू शकतात.

सुधार न्यासाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मुंबईच्या निवासी वस्त्यांचा कोणताही इतिहास त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाहता पाहता साथ शहरभर पसरली. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या घरांवर उपाय म्हणून १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला. त्याने वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी बी. आय. टी. (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हे न्यासाचे इंग्रजी नाव) चाळी बांधल्या, आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आधी रस्ते आखून, झाडे लावून मग घरे उभारण्याची योजना केली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्या योजनेची अपत्ये आहेत. १९३३ साली न्यासाचा कारभार महापालिकेत विलीन झाला, त्यामुळे त्या जमिनींच्या भाडेपट्ट्यांचे कागद महापालिकेच्या मालमत्ता खात्याकडे मागावे लागतात. जुना रहिवासी ‘आमचे आजोबा प्लेगनंतर इकडे आले’ असे सांगतो तेव्हा त्या एका वाक्यामागे ही एवढी उलथापालथ असते.

छापील साहित्यात माझा सर्वाधिक विश्वास ग्रंथांपेक्षा स्मरणिकांवर आहे. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली लिहिलेले मुंबईचे वर्णन किंवा १९०९-१० चे शहराचे गॅझेटियर जरूर वाचावे, परंतु तुमच्या गल्लीतील वाण्याचे दुकान त्यांत सापडणार नाही. ते सापडते मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या शेवटच्या वीस पानांत, जाहिरातींमध्ये. वाचक जी पाने उलटून पुढे जातात, तीच इतिहासकाराने सर्वांत सावकाश वाचावीत. शिंपी, छापखाना, दुग्धालय, शिकवणीचे वर्ग, मंगल कार्यालय, प्रत्येकाचा चाळीच्या क्रमांकासह पत्ता तेथे असतो. दोन स्मरणिकांमध्ये पंचवीस वर्षांचे अंतर असेल, तर त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की रस्ता कसा बदलला ते आपोआप दिसते. अशा स्मरणिका घरोघरी नसल्या, तर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि आपल्या भागातील सार्वजनिक वाचनालयात विचारणा करावी. शिवाय लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, जुन्या मतदार याद्या आणि शिधापत्रिका यांवरही पत्ते असतात. शिधापत्रिकेवर तर एका खोलीत किती माणसे राहत होती, हेही असते.

उत्सवाच्या कागदांतून अर्थकारणही उलगडते. लालबागमधील पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद झाला. उघड्यावर बसण्याची पाळी आलेल्या कोळणींनी आणि व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला आणि जागा मिळाल्यावर १९३४ साली तेथे गणपती बसवला. आज त्या गणपतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या किती जणांना त्याची सुरुवात मासळीच्या पाटीपाशी झाली हे ठाऊक असेल? गिरगावात केशवजी नाईक चाळींचा उत्सव १८९३ पासून चालत आलेला आहे. आपल्या मंडळाच्या स्थापनेच्या सालाशी आपल्या गल्लीत काय घडले होते, हे म्हणून तपासावे.

भिंती वाचणे

कागदांइतकीच इमारतही बोलते, फक्त तिच्याकडे मोजपट्टी घेऊन जावे. खोलीची लांबी-रुंदी, गॅलरीची रुंदी, जिन्याच्या पायऱ्या, मोरीची जागा, एका मजल्यावर किती खोल्यांना किती संडास, हे सारे मोजून कच्चा आराखडा काढावा. हे काम घर रिकामे होण्यापूर्वीच व्हायला हवे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने बांधल्या. त्या एकूण २०७, सिमेंट काँक्रीटच्या, आणि त्यांतील खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यांची जागा आता उंच इमारती घेत आहेत आणि वरळीतील पहिल्या रहिवाशांना २०२५ साली नव्या घरांचा ताबा मिळाला. १६० चौरस फूट हा आकडा कागदावर कायम राहील, पण त्या खोलीत पाळणा, शिवणयंत्र, देव्हारा आणि सहा माणसांची अंथरुणे कशी मावत होती, हे मांडणीचा आराखडा काढून ठेवला नाही तर कोणालाही कळणार नाही.

गिरगावची खासगी मालकीची, लाकडी कठड्यांची आणि मंगलोरी कौलांची चाळ वेगळी, बी. डी. डी.ची कोठडीसारखी खोली वेगळी, आणि शिवाजी पार्कच्या बाजूची, गोलाकार सज्जांची व लोखंडी जाळीत उगवता सूर्य कोरलेली १९३०-४० च्या दशकांतील इमारत आणखी वेगळी. या फरकावरून वस्तीचा स्वभाव कसा घडला ते समजते. चाळीत दार उघडे असते, कारण गॅलरी ही प्रत्येकाच्या खोलीचा पुढचा भाग असते. सदनिकेत संडास आत आला आणि दाराला आतून कडी लागली. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ साली माहीम पार्क या नावाने नागरिकांसाठी खुले झाले आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला आजचे नाव मिळाले. त्याभोवतीच्या घरांची तोंडे मैदानाकडे आहेत, म्हणून त्या वस्तीचा चौक म्हणजे ते मैदान होय. आपल्या वस्तीत माणसे भेटण्याची जागा कोणती होती, जिना, नळ, कट्टा, देऊळ की मैदान, हे ओळखता आले की लेखाचा कणा सापडला म्हणून समजावे.

माणसांना विचारणे

आता सर्वांत नाजूक काम. आजी-आजोबांसमोर बसून ‘पूर्वी कसे होते?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘पूर्वी फार छान होते’ असेच येते आणि मुलाखत तेथेच संपते. वस्तूंविषयी आणि वेळांविषयी विचारावे. नळाला पाणी किती वाजता येई आणि पहिली बादली कोणाची असे? पाहुणे आले की कोण गॅलरीत झोपे? दुपारी खोलीत कोण असे? रुग्णाला किंवा तिरडीला त्या अरुंद जिन्यावरून कसे उतरवत? अशा प्रश्नांना माणसे आधी थोडा विचार करतात आणि मग अर्धा तास बोलतात.

साल विचारू नये. ते बहुधा चुकीचे सांगितले जाते, आणि ती सांगणाऱ्याची चूक नसते. त्याऐवजी सर्वांना आठवणाऱ्या घटनांचा आधार द्यावा. ते गोदीच्या स्फोटाच्या, म्हणजे १४ एप्रिल १९४४ च्या आधीचे की नंतरचे? संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन चालू होते का? ट्राम बंद झाली होती का? २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा चाळीत संच कोणाकडे होता? २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्याचे काय झाले? दोन-तीन खुणांच्या मधे एखादी आठवण बसवली की तिचे साल आपोआप पाच-सात वर्षांच्या आत येते.

गिरणगावातील वाचकांसाठी १८ जानेवारी १९८२ हा दिवस तर प्रत्येक घराचा दुभाजक आहे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तेव्हापासून कोण गावी गेले, कोणी भाजीची गाडी लावली, कोणत्या मुलाची शाळा सुटली, हे प्रत्येक खोलीच्या पातळीवर नोंदवण्यासारखे आहे. तेथे आणखी दोन जागी शोध घ्यावा. एक म्हणजे खानावळी. एकट्या कामगारांना जेवण रांधून घालणाऱ्या बायकांचे हिशेब तोंडी असत, पण त्यांच्या आठवणी नेमक्या असतात. याच बायकांना एकत्र आणणारे अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांनी १९७५ साली उभे केले. दुसरी जागा मुंबईबाहेर आहे. कोकणातील आणि घाटावरील कित्येक गावांची मुंबईत गावकीची खोली असे आणि तिचा कारभार ग्रामस्थ मंडळ पाही. त्या खोलीत कोण केव्हा आले, कोणी किती वर्गणी दिली, याच्या वह्या अनेकदा गावच्या देवळात किंवा एखाद्या मानकऱ्याच्या घरी सुरक्षित असतात. लालबागच्या एका खोलीचा इतिहास राजापूर तालुक्यात सापडू शकतो, हे मला फार उशिरा समजले.

मुलाखतींत पुरुष पुढे येतात, कारण मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस तेच होते. घरातील बाईंना वेगळा वेळ मागून भेटावे. पाणी, शिधा, बाळंतपण, भांडण आणि समेट यांची नोंद त्यांच्याकडे असते, आणि चाळीचे खरे प्रशासन त्याच होते असे माझे मत झाले आहे. त्याचबरोबर, वाडीत कोणाला खोली मिळत नव्हती, हा प्रश्न टाळू नये. मुंबईतील पुष्कळ चाळी जातीजातींच्या होत्या. काहींत तसे लिहिलेले असे, बाकीच्यांत न लिहिता पाळले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी. आय. टी. चाळीत सुमारे दोन दशके राहिले आणि नंतर हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले; सुधार न्यासाच्याच दोन प्रकारच्या वस्त्यांमधील हे अंतर इतिहास म्हणून वाचण्यासारखे आहे. झाडूवाला कोठे राहत होता, तो कोणत्या जिन्याने येत होता, तळमजल्याच्या गाळ्यात रात्री कोण झोपत होते, याचे उत्तर अवघड वाटले तरी ते लिहावे. गणपतीच्या आरतीला सारी वाडी जमत होती हे खरेच आहे, आणि त्या ‘साऱ्या वाडी’त कोण धरले जात नव्हते हेही तितकेच खरे असू शकते.

ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि मुलाखतीच्या शेवटी पुन्हा विचारावे, कारण बोलता बोलता माणूस जे सांगून जातो ते सारेच त्याला छापून हवे असते असे नाही. खोली क्रमांक आणि भांडणातील नावे वगळावीत. मूळ कागद कोणाकडूनही घरी नेऊ नयेत. तेथेच भ्रमणध्वनीने नीट उजेडात छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी फाइलला चाळ, कागदाचा प्रकार आणि साल असे नाव द्यावे. हे दुसऱ्या दिवसावर टाकले की तीनशे निनावी छायाचित्रे साठतात आणि पुढे ती उघडण्याचा धीर होत नाही.

लिहायला बसताना

लेखन काळाच्या क्रमाने करावे असे बंधन नाही. मला जागेच्या क्रमाने लिहिणे अधिक साधले: वाडीच्या तोंडापासून सुरुवात करून एकेका इमारतीपाशी थांबत, जेथे जे घडले ते तेथेच सांगत आत जायचे. वाचणाऱ्या रहिवाशाला आपण कोठे उभे आहोत हे कळते, आणि ज्या इमारतीविषयी काहीच मिळालेले नाही ती रिकामी जागाही स्पष्ट दिसते. कागदावर पाहिलेले, डोळ्यांनी मोजलेले आणि कोणाकडून ऐकलेले, हे तीन प्रकार वाक्यरचनेतूनच वेगळे ठेवावेत. ‘होते’ आणि ‘होते असे सांगतात’ यांतील फरक हा या कामातला सर्वांत मोठा प्रामाणिकपणा आहे. पूर्वीची माणसे प्रेमळ होती आणि आता ओलावा राहिला नाही, अशी वाक्ये लेखणीतून येऊ लागली की थांबावे आणि त्या काळी आठ बिऱ्हाडांत किती संडास होते, तो आकडा पुन्हा पाहावा.

पहिला खर्डा तयार झाला की छापायला देऊ नये. वाडीच्या चौकात, गणपतीच्या किंवा सत्यनारायणाच्या निमित्ताने माणसे जमलेली असताना, तो मोठ्याने वाचून दाखवावा; आणि जे आधीच मीरा रोड, डोंबिवली किंवा विरारला राहायला गेले आहेत, त्यांना त्या दिवशी आवर्जून बोलवावे. ‘ती विहीर तिथे नव्हती, इथे होती’ असे कोणीतरी उठून म्हणेल आणि दुसरे कोणीतरी त्याला खोडून काढेल. त्या वेळी आपण वाद मिटवायला जाऊ नये. कोण काय म्हणाले ते तारखेसह समासात उतरवून घ्यावे, दोघांनाही त्या जागेपाशी घेऊन जावे, आणि फरशीवर कोठे ठोकले असता पोकळ आवाज येतो ते पाहावे.